मांडीवरचं पुस्तक

नऊ महिन्यांच्या बाळापुढे पुस्तकातलं सफरचंद धरलं, तर ते चित्र बघत बसत नाही; सफरचंद उचलायला जातं. बोटांची चिमूट करून पानावरून काहीतरी खुडू पाहतं, कागद खरवडतं, हाती काही येत नाही म्हणून वर दोन थापट्या मारतं. ज्युडी डेलोश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हे बारकाईने टिपलं आहे. त्यांनी अमेरिकेतली बाळं पाहिली आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या खेड्यांतली बाळंही पाहिली, जिथे घरात चित्रांची पुस्तकं जवळपास नव्हतीच. दोन्हीकडे तोच प्रकार. मूल दीड वर्षाच्या पुढे गेलं की मात्र हे खुडणं ओसरतं. आता ते चित्राकडे बोट करतं, आणि मान वळवून शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघतं.

खुडणं आणि बोट दाखवणं यांच्यामधल्या आठ-दहा महिन्यांत मुलाला जे उमगतं, त्याचा आवाका आपल्या सहसा लक्षात येत नाही. सफरचंद इथे नाही, पण त्याच्याविषयी बोलता येतं. देवळातली मूर्ती, नोटेवरचा आकडा, नकाशावरची नदी आणि छापलेला प्रत्येक शब्द याच उमजेवर उभा आहे. आणखी एक गोष्ट. खुडायला एकटं मूल पुरतं. बोट दाखवायला दुसरं माणूस लागतं. ज्याला आपण वाचन म्हणतो त्याची सुरुवात मी तिथे धरतो. अक्षरं पुष्कळ नंतर येतात. आधी दोन माणसं एकाच गोष्टीकडे बघतात, आणि आपण दोघं तेच बघतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असतं.

आपल्या घरांत पुस्तकाची आणि लहान मुलाची गाठ या रीतीने फारशी पडत नाही. पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, हे मुलाला नीट बोलता येण्याआधी शिकवलं जातं. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, तिला झेंडूचं फूल वाहायचं, शेजारी पुस्तकं रचायची. (त्या दिवशी पुस्तकं पूजेला लागली म्हणजे अभ्यासाला सुट्टी, हा त्यातला मुलांना कळणारा अर्थ.) ही रीत मला मनापासून आवडते. ज्या समाजात अक्षर शतकानुशतकं मूठभरांच्या हाती होतं, त्या समाजात पाटी पूजेला लागते याला मोल आहे. पण पूजेची वस्तू तोंडात घालता येत नाही. आणि सात-आठ महिन्यांच्या बाळाला कुठलीही वस्तू कळते ती आधी तोंडानेच. ते पुस्तक चावणार, पानाचा कोपरा ओला करणार, उलटं धरणार, मधूनच फाडणार. अशा वेळी घरातलं कुणीतरी घाईने पुस्तक काढून घेतं आणि उंच कपाटात ठेवतं. पुस्तक पुन्हा खाली येतं ते शाळेच्या दप्तरात. तोवर त्याचं पाठ्यपुस्तक झालेलं असतं.

मराठी बालसाहित्याचा इतिहासही याला थोडा जबाबदार आहे. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून इसापच्या कथा मराठीत निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं ‘बाळमित्र’ १८२८ सालचं. विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिक काढलं १८८१ मध्ये, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ सुरू झालं १९०६ मध्ये, आणि ‘बालभारती’चं ‘किशोर’ १९७१ मध्ये. ही परंपरा कुठल्याही भाषेला अभिमान वाटावा अशी आहे. पण ती जवळजवळ सगळी वाचता येणाऱ्या मुलांसाठी आहे. ज्याला अजून अक्षर कळत नाही, जे मांडीवर बसतं, त्या मुलाला आपण पुस्तकाबाहेर ठेवलं आणि आजीच्या हवाली केलं. आजीने ते काम उत्तम केलं, हे वेगळं सांगायला नको. अंगाई, बडबडगीतं, चिऊकाऊची गोष्ट, हाताच्या बोटांवर खेळायचे खेळ: पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिला पाठ होता. म्हणूनच कदाचित कुणाला पुस्तकाची उणीव भासली नाही. आता त्या आजीच्या आणि नातवाच्या मध्ये दोन शहरं किंवा दोन देश असतात, तेव्हा ती भासते.

आणि गंमत अशी, की चित्र समोर धरून गोष्ट सांगण्याची कला आपल्याकडे होतीच. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना त्या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथीत सुटी चित्रं असतात. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाचा एकेक संच. सांगणारा एक चित्र पुढे धरतो, साथीला वाद्यं असतात, तो गातो, निवेदन करतो, पात्रांचे संवाद आवाज बदलून म्हणतो. मग ते चित्र बाजूला जातं आणि पुढचं येतं. चित्रावर एक अक्षर नसतं. समोरचे बहुतेक निरक्षर असत आणि तरीही ती पोथीच असते. ही चित्रं पाहताना माझं लक्ष डोळ्यांवर जातं. टपोरे, मोठे, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यावरही पूर्ण उघडे काढलेले डोळे. दिव्याच्या उजेडात, मागे बसलेल्यालाही कोण कुणाकडे बघतंय ते कळावं असे. आजचे चित्रपुस्तकांचे चित्रकार ज्या प्रश्नांशी झटतात ते सगळे तिथे सुटलेले दिसतात: एका चित्रात किती गोष्ट मावते, कुठे थांबायचं, चित्राने काय सांगायचं आणि आवाजासाठी काय सोडायचं. चित्रकथ्याने आपल्या श्रोत्यांना कधी मध्येच थांबून ‘सांगा बघू, याला काय म्हणतात?’ असं विचारलं असेल, असं मात्र वाटत नाही.

आपण विचारतो. फार विचारतो. ‘हे काय आहे? आणि हा कोण? याचा रंग कोणता?’ पाहुणे आले की पुस्तक उघडून मुलाची तोंडी परीक्षा सुरू होते. मूल ‘हत्ती’ म्हणालं की टाळ्या, गप्प बसलं की ‘अरे, काल तर म्हणत होतास!’ विचारण्यात वाईट काहीच नाही. प्रश्न कशासाठी विचारला यावर सगळं अवलंबून आहे. जेरोम ब्रूनर आणि अनात निनिओ यांनी १९७८ मध्ये एका आईचं आणि तिच्या मुलाचं चित्रवाचन अभ्यासून मांडलं. मूल आठ महिन्यांचं असल्यापासून दीड वर्षाचं होईपर्यंत ते दोघांना पाहत होते. आईचं बोलणं ठरावीक चालीचं होतं: आधी ‘बघ’, मग ‘हे काय?’, मग वस्तूचं नाव, शेवटी ‘बरोबर’. मुलाने नुसता हुंकार दिला, हसलं, हात हलवला, तरी आई ते उत्तर समजून पुढे जायची. मूल बोलू लागायच्या कितीतरी आधीपासून ती त्याला संभाषणातला भागीदार मानत होती. मूल मोठं होत गेलं तशी तिची अपेक्षा वाढली. नुसत्या हुंकारावर ती भागवेना. इथे प्रश्न म्हणजे मुलाला बोलायला दिलेली पाळी असते. पाहुण्यांसमोरच्या प्रश्नात ती पाळी आपण आपल्याकडेच ठेवतो.

मुलांसाठी केलेलं पहिलं सचित्र पुस्तक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते कोमेनियसचं ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. त्याची सुरुवात गुरू आणि मुलगा यांच्या संवादाने होते, आणि मग येते वर्णमाला. पण ती वर्णमाला आवाजांची आहे. पहिल्या अक्षरापाशी कावळ्याचं चित्र आणि त्याचं ओरडणं, पुढे बें बें करणारं कोकरू, मग असेच एकेक प्राणी आणि त्यांचे आवाज. घरादारावर युद्धाचा नांगर फिरलेल्या, देशोधडीला लागलेल्या या मोराव्हियन पंडिताला कळलं होतं, की मुलाला अक्षर हवं असेल तर आधी ते कानाला लागलं पाहिजे. आपल्या ‘कमळाचा क’ छाप तक्त्यांत कमळ मुकं असतं. त्यापेक्षा कावळा बरा. कावळ्याचं चित्र आलं की मांडी देणारा माणूस काव काव करणारच, आणि मूल त्याच्या ओठांकडे बघणारच.

मग पुनरावृत्ती. वाचून दाखवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची खरी कसोटी इथे लागते. मुलाला तेच पुस्तक पुन्हा हवं असतं. काल वाचलेलं, आज सकाळी वाचलेलं, आत्ता मिटलेलं. दमलेल्या बापाने दोन पानं एकदम उलटली तर तीन वर्षांचं पोर, ज्याला एक अक्षर येत नाही, झोपेतूनही त्याला पकडतं. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याचा एक छोटा प्रयोग केला. तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारखेच आणि सारख्याच वेळा कानावर पडले. शब्द नीट लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. कारण समजण्यासारखं आहे: पुढे काय होणार ही धाकधूक संपली की लक्ष मोकळं होतं आणि बारकाव्यांकडे जातं. आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीला हे कुणी प्रयोग करून सांगायची गरज नव्हती. कावळा दार ठोठावतो, चिऊ कारण सांगते. पुन्हा ठोठावतो, पुन्हा नवं कारण. मुलाला शेवट पाठ असतो, आणि तरी प्रत्येक कारणाला ते श्वास धरतं. पाचव्या कारणाच्या वेळी ते स्वतःच कारण सांगू लागतं, कधी स्वतःच्या मनाचं. ऐकणारा तिथे सांगणारा झाला. वारकऱ्याला तोच हरिपाठ रोज म्हणताना कंटाळा येत नाही, हे ज्यांना कळतं त्यांना तीन वर्षांच्या मुलाचा हा हट्ट कळायला हवा.

मोठ्याने वाचणं ही मुलांसाठी केलेली खास सोय आहे, असं आपण धरून चालतो. खरं तर एकट्याने, मनात, ओठ न हलवता वाचणं हीच माणसाच्या इतिहासातली वेगळी सवय आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये ऑगस्टिनने बिशप अँब्रोजला वाचताना पाहिलं; डोळे पानावरून फिरताहेत आणि आवाज नाही, याची त्याला इतकी नवलाई वाटली की त्याने आपल्या आत्मकथनात ती नोंदवली. प्राचीन काळात कुणी मनात वाचतच नव्हतं असं काही विद्वान म्हणत, तसं नाही. पण पुस्तक म्हणजे मुख्यतः कानाने घ्यायची गोष्ट होती हे खरं. आपल्याकडे तर ती कालपरवापर्यंत होती. चातुर्मासात श्रीधरांची पोथी एकजण वाचे आणि ओटीवर दहाजण ऐकत. त्यांच्यात कुणाच्या तरी मांडीवर एखादं पोर झोपलेलं असे. ‘केसरी’ गावात एक येई आणि तो पारावर मोठ्याने वाचला जाई. या वाचनात सुटी पानं उलटण्याचा आवाज, वाचणाऱ्याचा खाकरा, मध्येच कुणाची शंका, सगळं येत असे. मुलाला मांडीवर घेऊन वाचणारी आई ही जुन्या बैठकीचीच वारस आहे. श्रोता तेवढा एकच उरला आहे.

आता भाषेचं बघू. घरात आपण लहान मुलांशी जे बोलतो त्यात चल, खा, नको, पडशील, झोप याच शब्दांची ये-जा असते. इंग्रजी चित्रपुस्तकांचा आणि मुलांशी होणाऱ्या बोलण्याचा तौलनिक अभ्यास २०१५ मध्ये झाला, त्यात पुस्तकांमध्ये शब्दांची विविधता बरीच जास्त आढळली. मराठीत वेगळं असण्याचं कारण दिसत नाही. कोल्हा लबाड असतो, राजा हिरमुसतो, पाऊस रिमझिम पडतो. हे शब्द जेवणाच्या ताटावर कुणी वापरत नाही. पण मराठी घरात आज एक निराळंच दृश्य दिसतं. पुण्या-मुंबईत आणि त्याहून जास्त न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मुलासाठी घेतलेली पुस्तकं इंग्रजी असतात आणि आजी ती मराठीत वाचते. पानावर एक लिहिलेलं असतं, ती दुसरंच सांगत असते. अस्वलाचं नाव बदलतं, त्याच्या नाश्त्याला थालीपीठ येतं. मुलगा-सून कधी हसतात, कधी हळूच सांगतात की आई, तिथे तसं नाहीये. माझं मत विचाराल तर आजीचंच वाचन खरं. ती चित्र वाचते आहे, आणि समोरच्या मुलाला वाचते आहे. जिला अक्षर येत नाही अशी आजीसुद्धा हे करू शकते, आणि अशा अनेकजणी करत आल्या. मुलांना वाचून दाखवायला आम्ही शिकलेले नाही, असं म्हणून जे आईबाप मागे सरतात त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

अर्थात मुळात मराठी पुस्तक हातात असेल तर उत्तमच, आणि ती अगदीच नाहीत असं नाही. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ ज्यांनी मुलांसोबत वाचलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. राधा आणि तिच्या घरची माणसं. उपदेश नाही, पऱ्या नाहीत. घरात रोज जे चालतं तेच, पण मुलाच्या उंचीवरून पाहिलेलं. लिहिणारी आणि चित्रं काढणारी व्यक्ती एकच असल्याने शब्द चित्राच्या पायात येत नाहीत. टाटा ट्रस्टचा ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा लेखनासाठीचा पहिला मान त्यांनाच मिळाला. प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर अनेक भाषांतल्या गोष्टी मोफत ठेवल्या, त्यांत मराठीही आहेत. पण जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, चावलं तरी टिकणारं, मुळातच मराठीत सुचलेलं पुस्तक हवं असेल तर दुकानदाराला दोनदा विचारावं लागतं. हे बनवणं महाग पडतं, खप कमी असतो, ही प्रकाशकांची अडचण खरी आहे. एरिक कार्लचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक १९६९ मध्ये निघालं तेव्हा पानांना भोकं पाडून देणारा परवडेल असा छापखाना अमेरिकेत मिळेना, ते जपानमध्ये छापून आणावं लागलं. त्या भोकांतून आजवर जगभरच्या मुलांनी बोटं घातली. वाचनाच्या आधी पुस्तकाशी झालेली ही झटापट कुणाच्या खिजगणतीत नसते.

मोबाइलवरची गोष्ट आणि मांडीवरची गोष्ट यांची तुलना करायचा मोह टाळतो. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एवढंच सांगतो की पुस्तकाचं पान आपोआप उलटत नाही. मूल एखाद्या कोपऱ्यातल्या मुंगीवर अडलं तर पुस्तक थांबतं.

शाळा सुरू झाली की घरोघरी एक गोष्ट घडते. मूल जोडाक्षरं वाचू लागलं की आईबाप म्हणतात, ‘आता तुझं तू वाच.’ म्हणजे वाचायला शिकल्याची शिक्षा म्हणून मांडी जाते. सहा वर्षांच्या मुलाला जे वाचता येतं ते त्याला समजणाऱ्या गोष्टींच्या मानाने अगदीच किरकोळ असतं. कानाने ते केव्हाच पुढे गेलेलं असतं, डोळे अजून ‘छगन बघ’ मध्ये अडकलेले. ही दरी काही वर्षं दुसऱ्याच्या आवाजानेच भरायची असते. गिजुभाई बधेकांनी १९३० च्या सुमारास ‘दिवास्वप्न’ लिहिलं, त्यातला शिक्षक वर्गात आल्यावर आधी गोष्ट सांगतो, आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचं वाचनालय उभं करतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला वारली मुलांच्या अंगणात गेलं. तिथे पुस्तकं थोडी होती. शिंपले, बिया, पानं, गाणी आणि गोष्टी भरपूर. आधी ऐकणं, हाताळणं, बोलणं आणि मग अक्षर हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही. इतक्या वर्षांनंतर आपण तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन त्याच्याकडून रेघा गिरवून घेतो, याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये ‘बुकस्टार्ट’ नावाचा उपक्रम तीनशे बाळांपासून सुरू झाला. बाळाच्या आरोग्यतपासणीच्या वेळी आईबापांच्या हाती एक पुस्तक आणि वाचनालयाचं निमंत्रण द्यायचं, इतकी साधी कल्पना. अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात १९८९ पासून बालरोगतज्ज्ञ औषधासोबत पुस्तक देऊ लागले होते. आपल्याकडे लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत आया बाळांना घेऊन येतातच, तास-दीड तास थांबतातही. आणि गावोगाव सार्वजनिक वाचनालयं आहेत. १९६७ च्या कायद्याने त्यांना अनुदान मिळतं. या दोन गोष्टींची गाठ घालायला नवी योजना लागू नये.

म्हणून वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. बालविभागाचं कुलूपबंद काचेचं कपाट उघडा आणि निदान दोन फळ्या जमिनीलगत आणा. शाळेत न गेलेल्या मुलाच्या नावाने सभासदत्व द्या. पुस्तकं चावली जातील, फाटतील, एखाद्याचं मुखपृष्ठ हरवेल. फाटलेल्या पुस्तकाबद्दल आईकडून दंड घेऊ नका. वर्षाच्या शेवटी त्याचं निर्लेखन करा आणि तेच पुस्तक पुन्हा विकत घ्या.